पहिला छोटा डिजिटल कॅमेरा: १० हजारांच्या आत, गावच्या कामासाठी कोणता घ्यावा?

उमाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. चिमूर तालुक्यातल्या आमच्या शेतकरी गटासाठी आणि गावच्या शाळेसाठी मिळून एक खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा घ्यायचा आहे. बजेट १० हजार, त्यातच कार्ड, बॅटरी सगळं बसवायचं. वापरणारे सगळे नवखे. कामं अशी: कपाशी-तुरीवरच्या किडी जवळून टिपणे, पोळा आणि शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत), मामा (माजी मालगुजारी) तलावावरचे पक्षी, आणि हिवाळ्यात झाडीपट्टीचं रात्रीचं नाटक. वीज जाते-येते, उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर असतो.

नवा घ्यावा की वापरलेला? मेगापिक्सेल किती हवेत? आणि प्रत्येकाच्या हातात फोन असताना कॅमेरा घेण्यात अर्थ आहे का, हेही स्पष्ट सांगा.

---

फोकसबिंदू

उमाकाठ भाऊ, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

दिवसाउजेडी गटाचा फोटो, शाळेतलं झेंडावंदन, बैलजोडीसोबत उभा मालक, एवढ्यासाठी मधल्या किमतीचा फोन पुरतो. स्वस्त कॉम्पॅक्टमधला (खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यातला) सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, १/२.३ इंच प्रकारचा असतो, म्हणजे मोजायला गेलं तर सुमारे ६.२ × ४.६ मिमी. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर आता बहुतेक वेळा तेवढाच किंवा मोठाही असतो. शिवाय फोन एका क्लिकमागे अनेक फोटो घेऊन ते जोडतो, त्यामुळे ऊन-सावली सावरली जाते. कॅमेरा घेतला म्हणून फोटो आपोआप सुधारत नाहीत.

कॅमेऱ्याचा फायदा कुठे? पहिली जागा म्हणजे खरा ऑप्टिकल झूम, जिथे भिंगं पुढे-मागे सरकतात आणि फोटोतले पिक्सेल कापले जात नाहीत. दुसरी, झेनॉन फ्लॅश. फोनचा दिवा एलईडीचा, तो नुसता पेटून राहतो. झेनॉनचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आटोपतो, म्हणून अंधारात नाचणारं पोरही स्थिर दिसतं. छोट्या कॅमेऱ्यात त्याचा पल्ला झूम न करता साधारण ३ मीटर, झूम केल्यावर आणखी कमी. तिसरी गोष्ट साधी आहे: फोन कुणाचा तरी खाजगी असतो, गटाचा कॅमेरा कोणाच्याही हाती देता येतो. शाळेसाठी हे फार महत्त्वाचं.

आता बाजार. २०१० च्या सुमारास जगभरात वर्षाला १० कोटींहून जास्त कॉम्पॅक्ट कॅमेरे बाहेर पडत. फोनने तो धंदा बसवला आणि कंपन्यांनी स्वस्त मालिका एकेक करून बंद केल्या. त्यामुळे १० हजारांत नामांकित कंपनीचा, कोरा, भारतातल्या हमीसह कॅमेरा मिळणं अवघड झालंय. ही पोकळी बिननावाच्या कॅमेऱ्यांनी भरली आहे आणि नवखा माणूस तिथेच फसतो.

ऑनलाइन ‘४के, ६४ मेगापिक्सेल, १६ पट झूम’ असं लिहून चार-सहा हजारांत जे विकलं जातं, ते घेऊ नका. त्यातला सेन्सर कितीतरी कमी पिक्सेलचा असतो, ६४ चा आकडा सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो. झूम डिजिटल, म्हणजे मधला तुकडा कापून मोठा केलेला. अनेकांत तर फोकससुद्धा कायमचा एका अंतरावर बसवलेला असतो, मग अळी काय आणि बोंड काय, जवळचं सगळं धूसर.

ओळखायचं कसं? भिंगाभोवतीची अक्षरं वाचा. कॅनन इक्सस १८५ वर ‘५.०-४०.० मिमी, १:३.२-६.९’ असे आकडे असतात. ४० ला ५ ने भागलं की ८, म्हणजे ८ पट ऑप्टिकल झूम. उजवीकडचे आकडे भिंगाच्या उघडिपीचे (अपर्चरचे, म्हणजे उजेड आत येण्याच्या वाटेचे), त्यावर पुढे बोलू. कॅमेरा सुरू केल्यावर भिंग बाहेर येत नसेल आणि माहितीत ‘ऑप्टिकल’ हा शब्दच नसेल, तर सोडून द्या.

---

छापखाना

मेगापिक्सेलचं लवकर उरकतो. ४ × ६ इंची फोटोला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) १२०० × १८०० पिक्सेल लागतात, म्हणजे जेमतेम २.२ मेगापिक्सेल. ए४ ला २४८० × ३५०८, म्हणजे ८.७. १० मेगापिक्सेलचा जुना कॅमेरा शाळेच्या फलकासाठी, वार्षिक अंकासाठी, ए४ छपाईसाठी पुरून उरतो. १० आणि २० मधला फरक पाहून पैसे घालू नका.

---

पाखरूवेडा

झूमचा हिशेब पक्ष्यांवरून सांगतो, कारण ‘किती पट’ या आकड्याने फसगत होते. पट म्हणजे फक्त लांब टोक भागिले रुंद टोक. पाहायचा आकडा वेगळा: ३५ मिमीच्या (जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या) तुलनेत लांब टोक किती.

सूत्र सोपं. ३६ ला त्या आकड्याने भागा आणि अंतराने गुणा, म्हणजे चौकटीत किती रुंदीचा पट्टा मावतो ते कळतं. तलावाच्या पाळीवरून पक्षी ३० मीटरवर आहे असं धरा. फोनची मुख्य काच साधारण २६ मिमी, पट्टा ४१ मीटरचा, त्यात अडई (छोटं रानबदक) म्हणजे ठिपका. इक्सस १८५ चं लांब टोक २२४ मिमी, पट्टा ४.८ मीटर. पॉवरशॉट एसएक्स६२० एचएसचं ६२५ मिमी, पट्टा १.७ मीटर. त्यात आमच्या गोंदियाकडचा सारस उभ्या चौकटीत भरून दिसतो, आणि चाळीसेक सेंमीची अडईसुद्धा फोटोच्या जवळजवळ पाव रुंदीत येते. म्हणून पक्ष्यांसाठी ६०० च्या पुढचं टोक हवं, ३०० च्या खाली विचारच नको.

पण ६०० वर हात हलला की फोटो गेला. शटर (उजेड आत घेण्याचा वेळ) निदान १/५०० सेकंद ठेवा. भिंगात ‘आयएस’ किंवा ‘व्हीआर’ अशी ऑप्टिकल स्थिरता असेल तर बसलेल्या पक्ष्याला १/१२५ वरही जमतं. नुसती ‘डिजिटल’ स्थिरता लिहिली असेल तर ती फोटोसाठी धरू नका. इक्सस १८५ मध्ये ऑप्टिकल नाही, इक्सस १९० मध्ये आहे. दोन्ही कॅमेरे शेजारी ठेवले तर एकसारखे दिसतात, म्हणून खालचा आकडा वाचूनच घ्या.

मोटारसायकलच्या सीटवर तांदळाची छोटी पिशवी ठेवून त्यावर कॅमेरा टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. तिपाई नसली तरी चालतं.

मेन्यूत जाऊन डिजिटल झूम बंद करा. नाहीतर ऑप्टिकल संपून डिजिटल कधी सुरू झालं हे नवख्याला कळत नाही. आणि तुम्ही ताडोब्याच्या इतके जवळ आहात म्हणून सांगतो, सफारीत मोबाईल चालत नाही, कॅमेरा चालतो. शुल्क आणि नियम बुकिंग करतानाच वाचून घ्या.

---

कपाशीवाला

राजेहो, किडीच्या फोटोचं म्या सांगतो, कारण त्यात लोकं हमखास चुकतेत.

पह्यली गोष्ट, जवळचा फोटो झूम करून काढाचा नाई. छोट्या कॅमेऱ्याचं मॅक्रो रुंद टोकालेच चालते. फुलाचं चिन्न दाबाचं, झूम पुरा मागं न्यायचा, आन् कॅमेरा अळीपाशी न्यायचा. लय कॅमेऱ्यात १ ते ५ सेंमीपर्यंत फोकस बसते. झूम केला की तेच अंतर अर्धा-एक मीटर होते, मंग पोट्टे म्हणतेत कॅमेरा बिघडला.

पण १ सेंमीवर गेलं तं भिंगाचीच सावली पानावर पडते, आन् फ्लॅश एका कोपऱ्यात काळा चंद्र पाडते. म्हणून ५ ते ८ सेंमीवर थांबा, फ्लॅश बंद ठेवा, आन् बाजूनं पांढरा कागद धरा, उजेड पलटून अळीवर येते. वारा असन तं फांदी एका हातानं धरा. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा, म्हंजे कृषी सहायकाले माप समजते.

गुलाबी बोंडअळी वाढली की १०-१२ मिमीची असते, ते मस्त येते. डोमकळी (अळीनं न उमलू दिलेलं फूल), बोंडावरलं छिद्र, तुरीवरली शेंगा पोखरणारी अळी, हे सगळं जमते. तुडतुडे २-३ मिमीचे, ते कसेबसे. फुलकिडे मिलिमीटरभर, ते या कॅमेऱ्यात येत नाईत, उगा मेहनत करू नका. त्याच्यासाठी फोनवर लावाचं चिमट्याचं मॅक्रो भिंग घ्या, काई शे रुपयांत येते आन् या एका कामाले ते कॅमेऱ्यापेक्षा बरं.

दुसरी गोष्ट, फुटलेला कापूस. कॅमेऱ्यातलं मोजमाप समोरचं सगळं मधल्या राखाडी रंगाचं समजते. वेचणीच्या वेळी चौकटभर पांढरा कापूस असला की तो त्याले मळकट करते. ‘+/-’ चं बटन दाबून +०.७ नाईतं +१ करा. काळ्या म्हशीले उलटं, -०.७. अन् हे बटन पुऱ्या ऑटोमदी चालत नाई, मोड ‘पी’ वर ठेवा लागते. फोटो झाला की आकडा परत शून्यावर आणा, तो कॅमेरा बंद केला तरी लय वेळा तसाच राहते.

---

मृदगंध

नाटकाच्या फोटोंवर मी लिहिते, कारण इथे चुकीचा कॅमेरा घेतला तर पैसे वाया जातात.

फोकसबिंदू दादांनी भिंगावरच्या आकड्यांचा उल्लेख केला. ३.२-६.९ म्हणजे झूम न करता उघडीप एफ/३.२ आणि पूर्ण झूमवर एफ/६.९. आकडा दुपटीहून मोठा झाला की उजेड पाचव्या हिश्श्यावर येतो, कारण उजेड आकड्याच्या वर्गाने घटतो. म्हणूनच मागच्या रांगेतून झूम करून काढलेले रंगमंचाचे फोटो हललेले येतात. शटर इतकं संथ होतं की नट स्तब्ध उभा असला तरच काही हाती लागतं.

मंडप असो की उघड्यावर, पुढे जाऊन बसा आणि झूमला हात लावू नका. फ्लॅश बंद. तो नटाच्या डोळ्यांत जातो, प्रेक्षकांनाही त्रास होतो, आणि ३ मीटरच्या पलीकडे त्याचा उपयोगही नसतो. पुढच्या रांगेतल्यांची डोकी मात्र लख्ख उजळतात. आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ऑटोवर सोडलं तर १/२.३ सेन्सर १६०० वर जातो आणि चेहरे मेणासारखे गुळगुळीत होतात. ४०० किंवा फार तर ८०० वर बांधून ठेवा. मग संवाद थांबतो, हात वर राहतो, दोघं एकमेकांकडे बघत थबकतात, ते क्षण धरा. पिवळ्या-लाल दिव्यांत व्हाइट बॅलन्स (दिव्याच्या रंगाप्रमाणे फोटोचा रंग सावरण्याची सोय) ‘बल्ब’च्या चिन्हावर ठेवून एक फोटो आणि ‘ऊन’ चिन्हावर एक, असं करून बघा. मला ऊन चिन्हाचा रंग रंगमंचाला जास्त शोभतो असं वाटतं, त्यात दिव्यांची ऊब टिकते.

नाटक हे मुख्य काम असेल तर वेगळा कॅमेरा बघावा लागेल. कॅननचा पॉवरशॉट एस९० (२००९) आणि एस९५ (२०१०), दोन्हींत सेन्सर १/१.७ इंच, १० मेगापिक्सेल, उघडीप एफ/२.०. एस१२० ची तर एफ/१.८. एफ/१.८ ला एफ/३.२ पेक्षा तिप्पट उजेड मिळतो. सोनीचा आरएक्स१०० (२०१२) एक इंची सेन्सरचा, क्षेत्रफळ १/२.३ च्या चौपट, रात्रीसाठी फारच चांगला, पण १० हजारांत धड नग मिळणं कठीण. मात्र या सगळ्यांचा झूम तोकडा, एस९५ चं लांब टोक १०५ मिमी. तलावावरची अडई त्यात येणार नाही. दोन्हींपैकी एक काम निवडावं लागेल, १० हजारांत पक्षी आणि रात्रीचं नाटक एकाच कॅमेऱ्यात नीट बसत नाहीत.

---

कपाशीवाला

मृदगंध ताई, बरोबर. शंकरपटाचं राह्यलं. बैलजोडी समोर आल्यावर बटन दाबलं तं फोटोत नुसती धूळ येते, कारण फोकस लावाले कॅमेरा वेळ घेते. धावपट्टीवर एक जागा धरा, तितल्या जमिनीवर बटन अर्धं दाबून ठेवा, हिरवी चौकट आली की तसंच धरून राहा, आन् जोडी तिथं पोचाच्या जरा आधी पुरं दाबा. कडक उन्हात आयएसओ २०० वर, पुऱ्या झूमलेही १/१००० च्या वर शटर भेटते, बैलाचे पाय साफ दिसतेत.

आन् बॅटरी. वीज नसलेल्या गावाले पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेराच घ्या. निकॉन कूलपिक्स बी५०० चार सेलवर चालते, झूम ९०० मिमीपर्यंत. किराणा दुकानातही सेल भेटते.

---

काचभिंग

कपाशीवाले भाऊ, सेलबद्दल थोडं वेगळं मत मांडतो. किराणा दुकानात मिळणारे सेल बहुतेक झिंक-कार्बनचे असतात. घड्याळाला, टॉर्चला ते ठीक. कॅमेरा भिंग बाहेर काढताना आणि फ्लॅश भरताना एकदम मोठा प्रवाह ओढतो, तेव्हा त्या सेलचा दाब (व्होल्टेज) कोसळतो आणि पाच-दहा फोटोंत ‘बॅटरी संपली’ येतं. सेल तसा संपलेला नसतो. अल्कलाइन बरे, पण महाग पडतात. पेन्सिल सेलचा कॅमेरा घ्यायचाच तर रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड घ्या, १९०० ते २००० एमएएचचे, कमी गळतीचे. आणि कॅमेऱ्याच्या मेन्यूत बॅटरीचा प्रकार बदला. निकॉनमध्ये ती नोंद असते. सेल १.२ व्होल्टचा आणि नोंद अल्कलाइनची असेल तर अर्धी बॅटरी शिल्लक असताना कॅमेरा बंद होतो. एवढी काळजी घेणार असाल तर तुमचा सल्ला योग्य. पण बी५०० खिशात मावत नाही, हेही लक्षात घ्या.

लिथियमवाल्या छोट्या कॅमेऱ्याची बॅटरी २०० ते ३०० फोटो देते. अशा दोन ठेवल्या तर दोन दिवस वीज नसली तरी काम अडत नाही. माझं मत लिथियमच्या बाजूने आहे, एका अटीवर: घेण्याआधी त्या नंबरची बॅटरी आज बाजारात मिळते का ते पाहा. एनबी-११एल, एनबी-१३एल, एनपी-बीएक्स१ यांना बाहेरच्या बॅटऱ्याही सहज मिळतात. विचित्र नंबर असेल तर कॅमेरा फुकट मिळाला तरी नको. कार्डाचंही तसंच: जुन्या सोनीत मेमरी स्टिक, जुन्या ऑलिम्पस-फुजीत एक्सडी, ते टाळा. फक्त एसडी. त्यातही फार जुना कॅमेरा २ जीबीपर्यंतचंच साधं एसडी वाचतो, ‘एसडीएचसी’ अशी खूण असलेलाच घ्या.

आता वापरलेला घेताना काय तपासायचं ते सविस्तर, कारण १० हजारांत तुम्ही तिकडेच जाणार आहात. सोबत न्या: चार्ज केलेली बॅटरी शक्य असेल तर, स्वतःचं १६ जीबी कार्ड, ओटीजी (फोनला जोडायचा) कार्ड रीडर, छोटी टॉर्च, पांढरा कागद.

पहिल्यांदा भिंग. सलग दहा वेळा चालू-बंद करा. नळी सरळ बाहेर यायला हवी, करकर आवाज नको, मध्ये अडकायला नको. आपल्याकडे कापसाचे तंतू आणि मळणीची धूळ नळीच्या फटीतून आत जाते, दातेरी चाक अडतं आणि पडद्यावर ‘लेन्स एरर’ येतं. ही दुरुस्ती कॅमेऱ्याच्या किमतीच्या अर्ध्यावर जाते. नळी बाहेर असताना बोटाने अगदी हलकी हलवून बघा. केसाएवढी ढिलाई सगळ्यांत असते, डुगडुगत असेल तर कॅमेरा पडलेला आहे. पॉवरशॉट एस१०० च्या काही नगांत उष्णता आणि दमटपणामुळे भिंगाचा आतला भाग निखळण्याचा दोष कंपनीनेच जाहीर केला होता, म्हणून आपल्या हवामानात एस१०० पेक्षा एस९५ बरा.

मग पूर्ण झूम करून टॉर्च तिरपी धरा आणि समोरून काचेत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. ती काचेवरचा लेप खाते, पुसून जात नाही. एखाद-दुसरा धुळीचा कण चालतो.

सेन्सरवरची धूळ पाहायला पूर्ण झूम करून पांढरा कागद उन्हात धरून फोटो काढा. एकाच जागी प्रत्येक फोटोत राखाडी गोळा दिसला तर धूळ आत आहे. कॉम्पॅक्टचं भिंग निघत नाही, त्यामुळे घरी ती साफ होत नाही, सगळा कॅमेरा उघडावा लागतो. गोळा फिका असेल तर भावात घासाघीस करा, गडद असेल तर सोडा.

फ्लॅश सलग आठ-दहा वेळा मारा. भरायला दहा सेकंदांहून जास्त लागले तर बॅटरी किंवा कपॅसिटर (फ्लॅशची वीज साठवणारा भाग) थकलेला आहे. पाच मिनिटांचा व्हिडिओ घ्या, मध्येच थांबतोय का पाहा. बॅटरीचं झाकण घट्ट बसतं का, त्याची प्लास्टिकची जीभ तुटलेली नाही ना, सेलच्या कॅमेऱ्यात स्प्रिंगवर हिरवा गंज नाही ना. लिथियम बॅटरी सपाट टेबलावर ठेवून फिरवा. भोवऱ्यासारखी फिरली तर ती फुगली आहे, वापरू नका. बॅटरी काढून दहा मिनिटांनी घाला. तारीख पुन्हा विचारली तर आतला छोटा सेल मेलेला असू शकतो. फोटोला अडचण नाही, पण शाळेच्या नोंदींना तारीख लागत असेल तर दर वेळी भरावी लागेल.

वयाबद्दल एक ठाम सूचना. २००२ ते २००४ या काळातले कॅमेरे घेऊच नका. सोनीने बनवलेल्या त्या वेळच्या काही सीसीडी सेन्सरमध्ये आतली बारीक जोडणी उष्ण, दमट हवेत सुटत असे. फोटो जांभळे, वाकडे किंवा पूर्ण काळे येत. तेच सेन्सर कॅनन, निकॉन, फुजी, ऑलिम्पससह अनेकांनी वापरले होते, आणि २००५ मध्ये कंपन्यांना जाहीर सूचना काढाव्या लागल्या. आता कोणी ते मोफत बदलून देत नाही.

---

उमाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. गटात चर्चा झाली, नाटकापेक्षा पक्षी, शंकरपट आणि किडी जास्त गरजेच्या ठरल्या. नाटकाला पुढे बसून काढू. तीन शंका राहिल्या. पीक विम्याच्या तक्रारीला आणि ई-पीक पाहणीला (सातबाऱ्यावरच्या पिकाच्या नोंदीला) या कॅमेऱ्याचे फोटो चालतील का? कॅमेरा घरी ठेवायचा कसा? आणि नागपूरच्या एका विक्रेत्याकडे वापरलेला एसएक्स६२० एचएस आहे, इक्सस १८५ त्याहून स्वस्तात आहे, तर कोणता?

---

फोकसबिंदू

पहिल्याचं उत्तर नाही. ई-पीक पाहणीचा फोटो ॲपमधूनच, शेतात उभं राहून काढावा लागतो, कारण त्यासोबत जागेचे अक्षांश-रेखांश जातात. विम्यातही नुकसानीची सूचना ॲपवरून द्यायची असेल तर फोटो फोनचाच लागतो. कॅमेऱ्याचे फोटो तुमच्या स्वतःच्या नोंदीसाठी आणि कृषी सहायकाला दाखवण्यासाठी. ते काम फोनवरच ठेवा, नाहीतर ऐन वेळी मुदत निघून जाईल.

बजेटमधले १५०० ते २००० बाजूला ठेवा: दुसरी बॅटरी, १६ किंवा ३२ जीबीचं क्लास १० कार्ड, ओटीजी रीडर, मऊ पाऊच. २० मेगापिक्सेलचे फोटो १६ जीबीत दोन हजारांहून जास्त मावतात. ६४ जीबी कार्ड घेऊ नका, त्याची एक्सफॅट मांडणी जुने फोन वाचत नाहीत. कार्ड नवं आणल्यावर लॅपटॉपवर पूर्ण भरून परत वाचून बघा, बनावट कार्डावर ३२ छापलेलं असतं आणि आत ८ निघतात.

---

काचभिंग

ठेवण्याबद्दल. या कॅमेऱ्यांना ० ते ४० अंशांची मर्यादा दिलेली असते. मे महिन्यात मोटारसायकलच्या डिक्कीत किंवा उन्हातल्या जीपमध्ये तापमान त्याच्या फार पुढे जातं, बॅटरी फुगते आणि भिंगातला गोंद सैल होतो. दुपारी ओलसर सुती फडक्यात नव्हे, कोरड्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवा.

उन्हाळ्यात लोक कोरड्या हवेवर विसंबतात, पण घरात कूलर सुरू असतो. त्याच्या झोताच्या खोलीत दमटपणा पावसाळ्यासारखाच असतो, कॅमेरा त्या खोलीत उघडा ठेवू नका. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ५ लिटरला १०० ग्रॅम सिलिका जेल घाला. निळं गुलाबी झालं किंवा नारिंगी हिरवं झालं की जुन्या, स्वयंपाकाला न वापरल्या जाणाऱ्या कढईत मंद आचेवर मूळ रंग येईपर्यंत गरम करा. निळ्यात कोबाल्ट असतो, म्हणून भांडं वेगळंच हवं. तांदूळ घालू नका, ओल फारशी ओढत नाहीत आणि भुकटी सोडतात. डांबरगोळ्याही नकोत, त्यांची वाफ काचेवर बसते. जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून दहा मिनिटं वापरा.

तोंडाने फुंकर मारून काच साफ करू नका, थुंकीचे थेंब बसतात. रबरी फुगा वापरा, मग मऊ कापड.

दोनपैकी एसएक्स६२० एचएस. २०१६ चा आहे, ६२५ मिमी, भिंगात ऑप्टिकल स्थिरता, फुल एचडी व्हिडिओ, वायफाय. इक्सस १८५ मध्ये २२४ मिमी, ७२० चा व्हिडिओ, वायफाय नाही. तुमच्या कामाला दुसरा अपुरा पडेल, तो स्वस्तात घेऊन वर्षभरात पुन्हा पैसे घालावे लागतील. मात्र वर लिहिलेली तपासणी प्रत्यक्ष जाऊन करा, कुरिअरने मागवू नका. आणखी एक: समोरच्या इमारतीच्या विटांचा किंवा छापील वर्तमानपत्राचा सरळ समोरून फोटो काढा, कार्ड रीडरने फोनवर घ्या आणि चारही कोपरे मोठे करून बघा. चारही सारखेच थोडे मऊ असतील तर ठीक. एकच बाजू धूसर असेल तर आतली काच तिरकी झालेली आहे, भाव कितीही उतरवला तरी घेऊ नका. हे रुंद टोकाला आणि पूर्ण झूमला, दोन्हीकडे करा, कारण पडलेल्या कॅमेऱ्यात हा दोष अनेकदा फक्त झूमलाच दिसतो.

---

कपाशीवाला

उमाकाठ भाऊ, घरी आणल्यावर लगेच तारीख-वेळ लावा, कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, आन् कार्डाच्या बाजूची बारकी खिट्टी वर हाये का पाहा. ते खाली सरकली की ‘कार्ड लॉक’ येते.